कशाच्या मानानं?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या कारेलीबागेतल्या घरी देव्हाऱ्याखालचा लाकडी डबा उघडतात. त्यात हळदीकुंकवानं काळवंडलेला एक चांदीचा रुपया आहे. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी. आजी त्याला ‘कलदार’ म्हणायची. बडोद्यात या शब्दाला खास अर्थ होता. गायकवाडांच्या राज्याचं स्वतःचं नाणं होतं, बाबाशाही रुपया. विसावं शतक उजाडता उजाडता ते चलनातून गेलं आणि त्याच्या जागी इंग्रज सरकारच्या टांकसाळीत कळ फिरवून पाडलेला कलदार आला. दोन्ही नाणी बाजारात असायची तेव्हा एक देऊन दुसरं घेताना सराफ बट्टा कापून घ्यायचा. नावाला बट्टा लागतो असं आपण आजही म्हणतो, तो बट्टा सराफाच्या गादीवरूनच आपल्या बोलण्यात आला.

गेल्या दिवाळीत मी तो रुपया स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला. आकडा आला ११.६ ग्रॅम. म्हणजे एक तोळा. १८३५ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरवलं, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. बारा भागांतले अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ हे वजन बदललं नाही. इतकं पक्कं, की घरोघरी आणि पेढीवर तोळ्याचं वजन म्हणून सरळ रुपयाच तागडीत टाकत.

आता याच नाण्याची दुसरी गोष्ट ऐका. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये या रुपयाचे साधारण २३ पेन्स येत. १८९४-९५ मध्ये १३ च येऊ लागले. १९०० मध्ये १६. १९२० च्या सुरुवातीला ३० च्याही वर. आणि १९२१ मध्ये पुन्हा १६ च्या खाली. नाणं तेच, वजन तेच, चांदी तीच, खणखणाटही तोच. मग बदललं काय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मी थक्क झालो. त्याचं उत्तर शोधायला लंडनच्या ग्रंथालयांत दिवसचे दिवस घालवणारा माणूस एकेकाळी माझ्या घरापासून जवळच, विश्वामित्रीकाठच्या बागेत, मुंबईच्या गाडीची वाट पाहत पाच तास बसला होता हे कळल्यावर तर अधिकच. भीमराव रामजी आंबेडकर. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, समतेच्या लढ्याचे नेते म्हणून त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. पण त्यांची पहिली विद्या अर्थशास्त्र होती आणि पोटापाण्याची पहिली मोठी नोकरी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची. त्या अर्थशास्त्राबद्दल आपण फार कमी बोलतो.

ते सगळं अर्थशास्त्र मला एका साध्या मराठी प्रश्नात सामावलेलं दिसतं: कशाच्या मानानं? रुपया महाग झाला म्हणता, कशाच्या मानानं? शेत लहान आहे म्हणता, कशाच्या मानानं? प्रांताला पैसे दिले म्हणता, कशाच्या मानानं? एकट्या आकड्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही.

१९१२ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन ते बी.ए. झाले. पुढल्या वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना परदेशी शिकायला पाठवलं. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची, असा करार. जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे करांचे आणि सरकारी जमाखर्चाचे मोठे अभ्यासक एडविन सेलिग्मन त्यांचे गुरू झाले.

तिथे त्यांनी हाती घेतलेला विषय वरवर पाहता रुक्ष: ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा जमाखर्च. पण जरा आत शिरून पाहा. १८३३ पासून सगळ्या प्रांतांच्या पैशाची किल्ली कलकत्त्याच्या सरकारकडे होती. मुंबई इलाख्यात तुरुंगाची भिंत बांधायची, तरी मंजुरी तिकडून. साहजिकच प्रत्येक प्रांत जमेल तेवढं मागून घ्यायचा, कारण काटकसर करून वाचवलेला पैसा आपल्याच पदरात राहील याची हमी नव्हती. एकत्र कुटुंबात एकाच डब्यातून सगळ्यांनी पैसे काढावेत आणि हिशेब कुणीच ठेवू नये, तशी गत. १८७० मध्ये लॉर्ड मेयोनं ठराव केला आणि पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशा खात्यांसाठी प्रांतांना ठरावीक रक्कम तोडून दिली. १८७७ पासून रकमेऐवजी काही उत्पन्नाच्या बाबी दिल्या. १८८२ पासून काही बाबींचं उत्पन्न वाटून घ्यायला सुरुवात झाली.

सरकारी अहवालांत याला प्रांतांचं स्वातंत्र्य म्हटलं जाई. आंबेडकरांनी हिशेबाच्या वह्या उलगडल्या आणि दाखवून दिलं की खर्चाची मुभा दिली असली तरी अधिकार वरच राहिला होता. प्रांताची तिजोरी ही अजून वरच्या तिजोरीचाच एक कप्पा होती. पैसा कुणाच्या हातात आहे एवढंच पाहून भागत नाही, तो खर्च करणारा कुणाला जाब देतो तेही पाहावं लागतं, हे त्या तरुणानं पंचविशीत ओळखलं. १९१६ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला. १९२५ मध्ये लंडनमध्ये त्याचं पुस्तक निघालं, सेलिग्मननी प्रस्तावना लिहिली. अर्पणपत्रिकेत नाव होतं सयाजीराव महाराजांचं.

१९१६ च्या अखेरीस ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. करार पाळायला सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला आले आणि महालेखापालांच्या कचेरीत उमेदवारी करू लागले. पुढे काय झालं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून, रोजचा दीड रुपया देऊन ते राहिले. रात्री मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात पुस्तकं वाचून त्यांनी स्वतःला सावरलं. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव वर चढून आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा असं बजावून गेला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला. दोन्हीकडून नकार आला. मुंबईची गाडी रात्री ९ ला. मधले पाच तास त्यांनी गावाबाहेरच्या सार्वजनिक बागेत काढले.

ती बाग म्हणजे सयाजीबाग. जुने लोक अजूनही तिला कमाटी बागच म्हणतात. आज तिथली ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला दूरदूरचे लोक तिथे येतात. कारेलीबागेतून सकाळी फिरायला निघालो की माझे पाय तिकडे वळतात. सरकारी तिजोऱ्यांचा हिशेब उलगडणारा, कोलंबियात शिकून आलेला माणूस या गावात दीड रुपया रोज मोजायला तयार होता, तरी त्याला खोली मिळत नव्हती. बाजारात रुपया सगळ्यांचा सारखा, असं आपण मानतो. त्या दिवशी बडोद्यात तो सारखा नव्हता. माणूस पाहून त्याला बट्टा लागत होता.

मुंबईला परतल्यावर त्यांनी जे लिहिलं ते वाचून मी दुसऱ्यांदा थक्क झालो. १९१८ मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला, विषय हिंदुस्थानातल्या लहान शेतांचा. त्या काळी सगळ्यांना एकच चिंता होती: वाटण्या होऊन होऊन शेतांचे तुकडे पडताहेत. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली होती. आज तिथे उंच इमारती आणि संगणक कंपन्यांतले नोकरदार आहेत. तिथे १७७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १९१५ मध्ये ७ एकर उरली. १५६ मालकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली. बडोदा संस्थानानंही तुकडे एकत्र कसे करावेत यासाठी समिती नेमली होती आणि तिचा अहवाल नुकताच आला होता. आंबेडकरांनी त्या बडोदा समितीच्या विचारांचीही परखड चिकित्सा केली. ज्या राज्यानं शिकवलं त्याच्या अहवालाला तपासायला ते कचरले नाहीत आणि ज्या गावानं हाकललं त्याच्यावर रागही काढला नाही. फक्त तर्क तपासला.

त्यांचा तर्क असा. शेत लहान की मोठं हे एकरांवरून ठरत नाही. ज्याच्याकडे एक बैलजोडी आणि दोन कामाची माणसं, त्याला तीस एकर सांभाळवत नाहीत, त्याच्यासाठी ते शेत फार मोठं. तेवढ्याच जमिनीवर चार जोड्या, विहीर आणि खतापुरता पैसा असेल तर तीच तीस एकर जमीन अपुरी. जमीन, कष्ट आणि भांडवल यांचं एकमेकांशी प्रमाण जुळलं की शेत फायद्याचं. हिंदुस्थानात बिघडलंय ते हे प्रमाण. शेतावर माणसं जास्त, अवजारं आणि भांडवल कमी. घरातली काही माणसं शेतात राबताना दिसतात, पण ती काढून घेतली तरी पीक कमी होणार नाही, इतका त्यांचा कष्ट वाया जातोय. नुसते तुकडे जोडून हे सुटणार नाही. या माणसांना दुसरं काम मिळालं पाहिजे, म्हणजे कारखानदारी वाढली पाहिजे. तेव्हाच जमिनीवरचा भार उतरेल.

या झाकलेल्या बेकारीवर पुढे, विसाव्या शतकाच्या मध्यावर, जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रंथ लिहिले. १९५४ मध्ये आर्थर लुईस यांनी शेतीतल्या जादा मजुरांवर जो निबंध लिहिला त्यातून विकासाच्या अर्थशास्त्राची एक शाखा उभी राहिली आणि त्यांना नोबेल मिळालं. छत्तीस वर्षं आधी, सत्ताविशीतल्या एका मराठी माणसानं त्याच प्रश्नावर बोट ठेवलं होतं.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. दुसऱ्या महाविद्यालयांतले विद्यार्थीही त्यांचं व्याख्यान ऐकायला येऊन बसत. पगारातून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, पारशी मित्र नवल भथेनांनी ५,००० रुपये उसने दिले. १९२० मध्ये ते अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले. सोबत तो प्रश्न होता, माझ्या देव्हाऱ्यातल्या रुपयाचा.

आता त्या कोड्याकडे वळू. १८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. म्हणून रुपया म्हणजे सरळ चांदीच. १८७० नंतर जर्मनीनं सोन्याचं चलन स्वीकारलं, इतर देश त्याच्या मागून गेले, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी लागल्या. जगात चांदीचा पूर आला, भाव पडला आणि त्याबरोबर रुपयाही घसरला. हिंदुस्थान सरकार कर घेई रुपयांत, पण अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतनं आणि रेल्वेच्या कर्जांचं व्याज लंडनमध्ये पौंडांत द्यावं लागे. रुपयाला २३ पेन्स येत होते तेव्हा एका पौंडाला साडेदहा रुपये लागत. १३ पेन्स आले तेव्हा साडेअठरा. तो वाढीव बोजा शेवटी रयतेच्याच मानेवर.

१८९३ मध्ये सरकारनं टांकसाळीची दारं लोकांसाठी बंद केली. रुपये पाडायचा हक्क फक्त सरकारचा उरला. पुढची पाच वर्षं रुपयांची वाढ आवरून धरली. आणि नवल घडलं. चांदी आणखी स्वस्त झाली, पण रुपया चढला, १६ पेन्सांवर आला. धातू एकीकडे, किंमत दुसरीकडे. रुपया आता खरं तर चांदीवर छापलेली नोट झाला होता. त्याची किंमत ठरत होती बाजारात किती रुपये आहेत यावरून, तेही व्यवहाराच्या आणि मालाच्या मानानं.

हे तंत्र केंब्रिजच्या जॉन मेनार्ड केन्सना पसंत पडलं. १९१३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्याची वाखाणणी केली: सोन्याचं नाणं न पाडताही रुपया सोन्याच्या दरात बांधता येतो, खर्च कमी, सोय मोठी. आंबेडकरांनी त्यावर प्रश्न विचारला. दार बंद झालं लोकांसाठी, सरकारसाठी ते उघडंच आहे. मनाला येईल तेवढे रुपये पाडायला सरकारला कोण अडवणार? लंडनमधला दर सांभाळला म्हणजे रुपया स्थिर झाला असं सरकार मानतं, पण दर स्थिर दिसत असतानाही देशात महागाई वाढू शकते. मजुराला पेन्स लागत नाहीत, ज्वारी लागते, मीठ लागतं, कापड लागतं. रुपया स्थिर हवा तो या वस्तूंच्या मानानं. त्यांचा उपाय कडक होता: सरकारनंही रुपये पाडणं कायमचं थांबवावं, सोन्याची टांकसाळ उघडावी आणि सोन्याचं नाणं व रुपया यांचं प्रमाण कायद्यानं बांधून द्यावं. कुणाच्याही मर्जीवर न चालणारं चलन त्यांना हवं होतं.

या विषयाची झळ त्यांना स्वतःलाही बसली असणार. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की रुपया वितळवणं फायद्याचं ठरू लागलं. सरकारला अमेरिकेकडून चांदी विकत घ्यावी लागली. १९२० च्या सुरुवातीला अडीच शिलिंगांच्या वर गेलेला रुपया वर्षभरात अर्ध्यावर आला. आधी शंभर पौंडांना ८०० रुपयेही पुरत, वर्षभरानं १,५०० च्या वर मोजावे लागत. रुपयांत पैसे साठवून आणि रुपयांत कर्ज काढून लंडनमध्ये पौंडांत जगणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही घसरण म्हणजे जेवणाचं ताट लहान होणं.

ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी प्रबंध दिला. परीक्षकांना तो खटकला, काही भाग पुन्हा लिहावा लागला. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि वर्षअखेरीस ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ पुस्तक निघालं. प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. कॅनन यांनी मोकळेपणानं लिहिलं की यातले बरेच युक्तिवाद मला पटत नाहीत, तरी यात ताजेपणा आहे आणि काही ठिकाणी नेमका घाव बसला आहे. शिष्यानं गुरूशी मतभेद ठेवावा आणि गुरूनं तो मतभेद छापून शिष्याच्या पुस्तकाचं दार उघडावं, हे वाचताना माझं मन भरून येतं.

१९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावर शाही आयोग हिंदुस्थानात आला. हिल्टन यंग त्याचे अध्यक्ष. डिसेंबरमध्ये आंबेडकरांनी त्यापुढे साक्ष दिली. त्या आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिच्यामागे अनेकांचे विचार होते. पण चलनाची किल्ली बेलगाम सत्तेच्या हाती नसावी, हा आग्रह त्यांच्याइतका जोरानं फार थोड्यांनी धरला. २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के खाली-वर, राखणं हे उद्दिष्ट कायद्यानं रिझर्व्ह बँकेला बांधून दिलेलं आहे. रुपया मोजायचा तो वस्तूंच्या मानानं, हा विचार आज कायद्यात बसला आहे. मुक्तानंद चार रस्त्याजवळ मेथीची जुडी घेताना भाव ऐकून आपण कपाळाला आठ्या घालतो, तेव्हा आपणही हेच मोजत असतो.

पुढे वकिली, चळवळ, राजकारण आणि राज्यघटना यांनी त्यांचं आयुष्य व्यापलं. अर्थशास्त्र मात्र सुटलं नाही. घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, आणि केंद्र व राज्यांत पैसा कसा वाटावा हे ठरवणारा वित्त आयोग घटनेच्या २८० व्या कलमात आहे. तरुणपणी कोलंबियात उलगडलेला गुंता तो हाच. १९४७ मध्ये रुपयावरचं पुस्तक त्यांनी पुन्हा छापलं, भारतीय चलन आणि बँकिंगच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून. दुसरा खंड लिहायचा त्यांचा मानस होता. त्याला सवड मिळाली नाही.

लक्ष्मीपूजन आटोपल्यावर त्या रात्री मी एक हिशेब मांडला. महिना साडेअकरा पौंड, ३६ महिने: ४१४ पौंड. त्यावेळच्या पंधरा रुपयांच्या दरानं ६,२१० रुपये. सगळे माझ्या देव्हाऱ्यातल्या रुपयासारखे कलदार धरले तर ७२ किलो नाणी, दीड पोतंसुद्धा भरणार नाहीत. एवढं बडोद्यानं दिलं. त्याच्या बदल्यात दहा वर्षांची नोकरी ठरली होती, आणि गावानं तिचे अकरा दिवस होताच त्या माणसाला बाहेर काढलं. नोकरीचा करार पुरा झाला नाही. तरी ते कर्ज फिटलं, कितीतरी पटींनी फिटलं, आणि देशभर फिटलं. कोणत्या तागडीत घालून ते तोलायचं, हे मला काही सुचेना. मी रुपया पुसला, डब्यात ठेवला. सकाळी नात सयाजीबागेत यायला निघाली तेव्हा रस्त्यात तिला विचारलं, सांग बघू, एक रुपया म्हणजे किती? तिनं क्षणभर विचार केला आणि उलट मलाच विचारलं, आजोबा, कशात किती?